गाळ आणि खरकट्यापासून कोळसा: भट्टी पेटवण्याआधी आणि नंतर

सांडपाण्याच्या गाळापासून किंवा उरल्यासुरल्या अन्नापासून बायोचार (मातीत घालायचा कोळसा), ॲक्टिव्हेटेड कार्बन (बारीक छिद्रांचा शोषक कोळसा) वगैरे बनवायला निघालेले लोक पहिली खरेदी करतात ती भट्टीची. मग ओला माल तसाच आत जातो आणि इंधनाचा फडशा पडतो. शेवटी हाती येते करड्या रंगाची भुकटी, जिच्यात कोळशापेक्षा राख जास्त असते. तरीही दोष भट्टीलाच दिला जातो. प्रत्यक्षात या कामातल्या बहुतेक चुका विस्तव लागण्याआधी झालेल्या असतात, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच विस्तव विझल्यावर होतात. म्हणून या लेखात तापवण्यापेक्षा मोजणं, वाळवणं, थंड करणं आणि तपासणं यांनाच जास्त जागा दिली आहे.

हे मार्गदर्शन प्रयोगशाळेतल्या किंवा छोट्या पथदर्शी संचासाठी आहे, म्हणजे एका खेपेला काही किलोंपासून फार तर दोनशे किलो ओल्या मालापर्यंत. रोज टनांनी माल हाताळायचा असेल तर यंत्रणेचं डिझाइन वेगळं लागतं. टप्प्यांचा क्रम मात्र तिथेही बदलत नाही.

## टप्पा १: आधी उपयोग ठरवा

"कोळसा तर करू, मग बघू कुठे वापरायचा" हे या कामात चालत नाही. कच्चा माल, तापमान आणि धुण्याचा क्रम या तिन्ही गोष्टी उपयोगावरून ठरतात.

माती सुधारण्यासाठी हवा असेल, तर गाळातलं फॉस्फरस ही जमेची बाजू आहे. ते जवळजवळ सगळं कोळशात टिकतं. नायट्रोजन मात्र मोठ्या प्रमाणात वायूबरोबर निघून जातो, त्यामुळे हा कोळसा नत्रखताची जागा घेईल अशी आशा धरू नका. बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड शोषायचा असेल, तर गाळातली राख आडवी येत नाही, उलट कामी येते. तिच्यातले लोह आणि कॅल्शियमचे संयुगं तो वायू पकडायला मदत करतात.

पाण्यातला रंग किंवा औषधांचे अंश काढणारा चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन हवा असेल, तर मुख्य माल अन्नाचा कचरा ठेवा आणि गाळ थोडाच मिसळा. सुपरकॅपॅसिटर किंवा बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी कार्बन हवा असेल, तर गाळाचा नाद सोडलेलाच बरा. राख काढता काढता ॲसिडचा खर्च आणि ॲसिडयुक्त सांडपाणी इतकं होतं की मूळ हेतूच उरत नाही.

## टप्पा २: मालाची कुंडली मांडा

प्रत्येक नव्या खेपेसाठी चार आकडे लागतात: ओलावा, राख, मीठ आणि जड धातू. यातले पहिले दोन तुम्ही स्वतः काढू शकता.

१. ढिगाच्या निदान पाच वेगवेगळ्या जागांवरून, वरून आणि खालून, नमुना घ्या आणि नीट कालवा. वरचा थर नेहमी कोरडा असतो. एकाच जागेचा नमुना फसवतो.

२. नमुना १०५ अंश सेल्सिअसला वाळवा. सलग दोन वजनं सारखी आली की थांबा. कमी झालेलं वजन म्हणजे ओलावा.

३. तोच वाळलेला नमुना मफल भट्टीत, हवा खेळती ठेवून, ५५० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत जाळा. उरते ती राख. ती कोरड्या वजनाच्या टक्केवारीत लिहा, ओल्या वजनाच्या नाही. ही गल्लत फार होते.

यंत्रातून दाबून काढलेल्या गाळाच्या केकमध्येही साधारण ७५ ते ८२ टक्के पाणी असतं. कोरड्या वजनावर राख कच्च्या गाळात कमी आणि पचवलेल्या, म्हणजे बायोगॅस काढून घेतलेल्या गाळात जास्त असते. पचवलेल्या गाळात ती ३० ते ५० टक्के सहज भरते. अन्नाच्या कचऱ्यात पाणी ७० ते ८० टक्के असतं, राख मात्र बरीच कमी.

आता कागदावर हिशेब करा. समजा १०० किलो केक आहे, ओलावा ८० टक्के. कोरडा माल २० किलो. राख ४० टक्के, म्हणजे ८ किलो. कोळशाचा उतारा कोरड्या वजनाच्या ५० टक्के धरला तर १० किलो कोळसा मिळेल. राख कुठेही जात नाही, ती आठच्या आठ किलो त्यातच राहते. म्हणजे दहा किलोंच्या "कोळशात" जळणारा भाग फक्त २ किलो!

आता तितकाच, म्हणजे १०० किलो, अन्नाचा कचरा घ्या. ओलावा ७५ टक्के, कोरडा माल २५ किलो, राख ८ टक्के म्हणजे २ किलो, उतारा ३० टक्के म्हणजे साडेसात किलो. यात साडेपाच किलो सेंद्रिय कोळसा आहे. दोन्ही मिसळले तर साडेसतरा किलोंत १० किलो राख आणि साडेसात किलो कोळसा. मिश्रणाचं प्रमाण कसं ठरवायचं, ते या साध्या बेरजेतून कळतं. भट्टी कितीही भारी असली तरी हे गणित बदलत नाही.

जड धातूंचा हिशेबही असाच आहे. उतारा ५० टक्के असेल, तर गाळात किलोमागे १००० मिलिग्रॅम असलेलं जस्त कोळशात किलोमागे जवळजवळ २००० मिलिग्रॅम होतं. पारा बहुतांशी वायूत जातो, तापमान जास्त असेल तर कॅडमियमही काही प्रमाणात उडतो. तांबं, निकेल, क्रोमियम जागेवरच राहतात. म्हणून धातूंची पहिली चाचणी कोळसा होईपर्यंत न थांबता आधी गाळावर करून घ्या. कारखान्यांचं सांडपाणी मिसळलेला गाळ असेल तर मातीत टाकायचा विचार इथेच थांबवा.

तपासा: प्रक्रिया केंद्राला दोन प्रश्न विचारा. गाळात चुना टाकला होता का? आणि गाळ साकळण्यासाठी फेरिक क्लोराइड वापरलं होतं का? चुन्यामुळे राख वाढते आणि वाळवताना अमोनियाचा लोट उठतो. फेरिक क्लोराइडमुळे क्लोराइड येतं, आणि ते पुढे भट्टीच्या पत्र्याला खातं.

## टप्पा ३: निवडणं आणि बारीक करणं

गाळ हाताळताना रबरी हातमोजे, गमबूट, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला चांगला मास्क हवाच. धनुर्वात आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसी घेतलेल्या असाव्यात. कच्च्या गाळात जंतांची अंडी बरेच दिवस जिवंत राहतात. साठवण बंद खोलीत नको, कारण साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन निघतात. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. वास नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका.

अन्नाच्या कचऱ्यातून प्लास्टिक, काच आणि धातू वेचून काढा. पीव्हीसीचा एखादा तुकडाही क्लोरीन देतो, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिनसारखी विषारी संयुगं तयार होण्याचा धोका असतो. हाडं आणि अंड्यांची टरफलं मातीसाठी चालतात, पण ॲक्टिव्हेटेड कार्बनसाठी ती निव्वळ जास्तीची राख ठरतात.

अन्नात मीठ असतं, कोरड्या वजनाच्या काही टक्क्यांपर्यंत. ते काढण्याची सगळ्यात स्वस्त वेळ ही आहे: कचरा साधारण ५ मिलिमीटरपर्यंत बारीक करा, दुप्पट पाण्यात कालवा, निथळू द्या आणि दाबून पाणी काढा. वर तरंगणारं तेल याच वेळी काढून घ्या. राहिलेलं तेल वाळवणीत पेट घेऊ शकतं आणि भट्टीत डांबर होऊन नळ्या तुंबवतं. हे धुवण पुन्हा सांडपाणी प्रक्रियेकडेच पाठवायचं, उघड्या गटारात नाही.

## टप्पा ४: कोरडी वाट की ओली वाट?

इथे रस्ता फुटतो. माल वाळवून हवेविना तापवायचा ती कोरडी वाट, म्हणजे पायरोलिसिस. माल ओलाच ठेवून दाबाखालच्या गरम पाण्यात शिजवायचा ती ओली वाट, म्हणजे हायड्रोथर्मल कार्बनायझेशन. निवड करताना फॅशन पाहू नका, पाण्याचा हिशेब पाहा.

वरच्याच उदाहरणात २०० किलो ओल्या मालात ४५ किलो कोरडा भाग आहे. १० टक्के ओलाव्यापर्यंत आणायचं तर ५० किलो उरायला हवा, म्हणजे १५० किलो पाणी उडवायचं. एक किलो पाणी खोलीच्या तापमानापासून तापवून वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात. प्रत्यक्षातले ड्रायर ३ ते ३.५ घेतात. म्हणजे ४५० ते ५२५ मेगाज्यूल. मालातून निघणारे वायू जाळून इतकी उष्णता जेमतेम भागते, आणि तीसुद्धा गळती फार नसेल तर.

म्हणूनच आगीआधी दाबयंत्र. केकचा ओलावा ८० वरून ७० टक्क्यांवर आणला, तर २० किलो कोरड्या मालामागे ३३ किलो पाणी न उकळताच बाहेर पडतं. दहा टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण पाणी ८० किलोंवरून ४७ वर आलेलं असतं.

### ओल्या वाटेने जाणार असाल तर

तापमान १८० ते २५० अंश, वेळ एक तासापासून कित्येक तासांपर्यंत. दाब आपोआप तयार होतो. केवळ वाफेचाच दाब १८० अंशांना सुमारे १० बार, २२० ला २३ बार आणि २५० ला ४० बार असतो. मालातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा दाब यात आणखी मिळवा.

इशारा: घरगुती कुकर साधारण १ बार जादा दाबासाठी आणि १२० अंशांसाठी बनवलेला असतो. वेल्डिंग करून घेतलेला ड्रम तर त्याहून वाईट. या कामाला प्रमाणित ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारं बंद भांडं), चालू स्थितीतला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दाबमापक एवढं लागतंच, यात तडजोड नाही.

भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. २५० अंशांना पाणी सुमारे पाव पटीने फुगतं. वर वाफेला जागा उरली नाही तर दाब वाफेच्या तक्त्याप्रमाणे न वाढता एकदम उसळतो. काम झाल्यावर आतलं तापमान ४० अंशांच्या आसपास येऊ द्या, मग उरलेला वायू धुराड्याखाली हळूहळू सोडा, आणि दाब शून्य झाल्यावरच झाकण उघडा.

या वाटेचा खरा फायदा असा की शिजलेल्या गाळातलं पाणी दाबून सहज निघतं. तोटा म्हणजे निघालेलं पाणी गडद, अतिशय प्रदूषित आणि अमोनिया-फिनॉलने भरलेलं असतं. त्याची सोय आधी लावा. मिळालेला कोळसा, म्हणजे हायड्रोचार, बायोचारइतका टिकाऊ नसतो. तो न धुता, न मुरवता कुंडीत टाकला तर बी रुजत नाही अशी तक्रार येते, आणि ती बहुधा खरी असते. ॲक्टिव्हेटेड कार्बनसाठी कच्चा माल म्हणून मात्र हायड्रोचार चांगला. त्याला टप्पा ५ मधली चिकट गाळाची कसरत लागत नाही. वाळवा आणि सरळ टप्पा ६ ला या.

## टप्पा ५: वाळवणी

गाळ एकसारखा वाळत नाही. कोरडा भाग ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आला की तो डिंकासारखा चिकट होतो, ड्रायरच्या पात्याला गोळा बसतो आणि मोटर अडकून थांबते. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: आधीच्या खेपेचा वाळलेला गाळ ओल्यात मिसळून चिकट टप्पा ओलांडून टाकायचा. २० टक्के कोरडा भाग असलेला १ किलो केक आणि ९० टक्क्यांचा १.८ किलो वाळलेला गाळ मिसळला की मिश्रण ६५ टक्क्यांवर येतं. पहिल्या खेपेला वाळलेला गाळ नसेल, तर पातळ थर पसरून उन्हात वाळवलेला थोडा माल आधी तयार ठेवा.

वाळवणीचं तापमान १०५ अंशांच्या आसपास पुरे. घाई करून १५० च्या वर नेलं की सेंद्रिय भाग तुटायला लागतो आणि दुर्गंधीचा लोट उठतो. बाहेर पडणारी वाफ फिल्टरमधून न्या.

ओलावा १० टक्क्यांवर आला की थांबा. त्याखाली वाळवणं म्हणजे इंधन फुकट घालवणं तर आहेच, शिवाय कोरड्या गाळाची बारीक धूळ हवेत उडाली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. वाळलेला माल गरम असतानाच पोत्यात कोंबून उंच ढीग लावला, तर तो आतून तापत जातो आणि धुमसू लागतो. आधी थंड करा, मग भरा, आणि ढीग बुटका ठेवा.

मिश्रण आणि आकार देण्याचं काम याच ठिकाणी करा. गाळ आणि अन्नाचा कचरा ठरलेल्या प्रमाणात, दोन्ही कोरड्या वजनावर मोजून, मिसळा आणि ५ ते १० मिलिमीटरच्या गोळ्या करा. भुकटी भट्टीत गेली तर वायूबरोबर उडते आणि नळीत बसते. ओबडधोबड ढेकळं गेली तर पोटात कच्ची राहतात.

## टप्पा ६: तापवणं

क्रम असा ठेवा, आणि तो उलटसुलट करू नका.

१. धूर जाळणारा बर्नर आधी पेटवा. तो सुमारे ८५० अंशांवर स्थिर झाला पाहिजे. गाळातल्या प्रथिनांतून अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड निघतात, त्याशिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि डांबराची वाफ असते. "थोडा धूर आहे, चिमणीतून जाईल" हा हिशेब इथे चालत नाही. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असलाच पाहिजे.

२. रिटॉर्टमधली, म्हणजे माल तापवायच्या बंद भांड्यातली, हवा घालवा. भांड्याच्या रिकाम्या जागेच्या पाच पट नायट्रोजन सोडला की आतला ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या बराच खाली येतो. नायट्रोजनला वास नसतो आणि बंद खोलीत तो माणसाला नकळत गुदमरवतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा.

३. मिनिटाला ५ ते १० अंश या वेगाने तापवा. १०० ते १५० अंशांदरम्यान उरलेलं पाणी जातं, तापमान तिथे रेंगाळतं. ते पाहून घाईने आच वाढवू नका. वायूचा मुख्य लोट २५० ते ४५० च्या दरम्यान येतो. या वेळी दाबमापकावर नजर हवी.

४. ठरलेल्या तापमानावर ३० ते ६० मिनिटं ठेवा. मातीसाठी ५०० ते ६०० अंश सोयीचे. त्याखाली केलं तर उतारा जास्त दिसतो, पण न मोडलेली सेंद्रिय संयुगं राहतात. गाळातल्या औषधांच्या अंशांबद्दल काळजी असेल तर ५०० च्या खाली जाऊच नका.

चौथ्या पायरीत एक चूक इतक्या वेळा होते की ती वेगळी सांगतो. वेळ मोजायला सुरुवात बाहेरच्या थर्मामीटरवर ६०० दिसलं की करतात. पण कोरडा गाळ आणि कोळसा दोन्ही उष्णतेचे वाईट वाहक आहेत. भांड्याच्या भिंतीजवळ ६०० असतं तेव्हा मधोमध ३५० असू शकतं. एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मालाच्या मध्यात खुपसा आणि त्यावर आकडा आल्यापासून घड्याळ लावा. एकाच खेपेत काळा, तपकिरी आणि कच्चा असा तिरंगी माल निघतो, त्याचं कारण बहुधा हेच.

इशारा: दाब वाढतोय आणि बर्नरची ज्योत लहान होतेय, म्हणजे नळी डांबराने तुंबतेय. तापवणं लगेच बंद करा. नळी उघडायला जाऊ नका. वायूची नळी आखूड आणि गरम ठेवली तर ही वेळ सहसा येत नाही.

## टप्पा ७: थंड करणं

सगळ्यात जास्त माल इथे वाया जातो. खेप छान झालेली असते, उत्सुकता असते, कुणीतरी २०० अंशांना झाकण किलकिलं करून बघतं आणि डोळ्यांदेखत कोळशाची राख होते.

नायट्रोजनचा बारीक प्रवाह चालू ठेवून मध्यभागाचं तापमान ५० अंशांच्या खाली येऊ द्या. मोठ्या भांड्याला रात्र लागते, लागू द्या. लवकर व्हावं म्हणून तापलेल्या भांड्यात पाणी ओतू नका. वाफेचा भडका तर उडतोच, पण लाल कोळशावर वाफ गेली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात.

उघडल्यानंतरही धोका संपत नाही. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन धरतो आणि स्वतःच तापतो. तो धातूच्या ट्रेमध्ये पातळ पसरा, दर तासाला हात न लावता थर्मामीटरने बघा आणि निदान एक दिवस जाऊ द्या. मातीत वापरायचा असेल तर २० ते ३० टक्के पाणी शिंपडा. त्याच दिवशी पिंपात भरून झाकण लावणं म्हणजे रात्री आगीला आमंत्रण.

तपासा: आता राखेचा हिशेब जुळवा. कोळशाची राख मोजा आणि मूळ कोरड्या मालाच्या राखेला तिने भागा. ४० टक्क्यांचे ८० टक्के झाले असतील तर उतारा ५० टक्के. वजनकाट्यावरचा उतारा याच्याशी जुळला पाहिजे. वजन कमी भरत असेल तर भुकटी नळीतून उडून गेली आहे. दोन्ही आकडे जुळतात, पण उतारा अपेक्षेपेक्षा कमी आणि राख जास्त असेल, तर कुठूनतरी हवा शिरून कोळसा जळला आहे. गॅस्केट बदला.

## टप्पा ८: सक्रिय करणं (गरज असेल तरच)

सक्रिय करणं म्हणजे कोळशात आणखी बारीक छिद्रं पाडणं. मातीसाठी किंवा हायड्रोजन सल्फाइडसाठी हा टप्पा बहुतेक वेळा लागत नाही. गाळाच्या साध्या कोळशाचं पृष्ठफळ सहसा ग्रॅममागे १०० चौरस मीटरच्या आत असतं. पाणी शुद्ध करायला त्याहून बरंच जास्त हवं.

वाफ किंवा कार्बन डायऑक्साइडने ८०० ते ९०० अंशांवर सक्रिय करणं तुलनेने स्वच्छ काम आहे. कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जास्त छिद्रं देतं, पण त्यात क्रम चुकला की सगळंच फसतं:

- आधी राख धुवा. कोळसा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळा, गाळा, पाण्याने धुवा, वाळवा. हे न करता पोटॅश टाकलं तर त्याचा मोठा भाग राखेतल्या सिलिकाशी लागतो आणि कार्बनला थोडंच मिळतं. आम्लाने सिलिका जात नाही, कॅल्शियम, फॉस्फेट आणि बरेचसे धातू जातात. म्हणून तर सिलिका जास्त असलेला गाळ या कामाला घेऊ नये. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा सल्ला कुणी दिला, तर प्रशिक्षित प्रयोगशाळेबाहेर तो मानू नका.
- मग पोटॅश. कोळशाच्या दुप्पट ते चौपट वजनाचं, नीट मिसळून आणि वाळवून.
- निकेलची क्रुसिबल वापरा. काच आणि सिरॅमिक वितळलेल्या पोटॅशपुढे टिकत नाहीत.
- ७०० ते ८५० अंश, नायट्रोजनखाली. या तापमानाला थोडं धातुरूप पोटॅशियम तयार होतं. ते भट्टीच्या थंड भागात साठतं आणि पाण्याचा थेंब लागला की पेटतं. पूर्ण थंड झाल्यावरही क्रुसिबल आणि नळी सावकाश, थोड्या थोड्या दमट नायट्रोजनने शांत करा, मगच पाण्यात घाला.
- शेवटी धुणं. आधी सौम्य आम्ल, मग पाणी. धुवणाचा सामू (पीएच) ७ च्या आसपास येईपर्यंत.

झिंक क्लोराइड कमी तापमानाला काम करतं, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते आणि धुवणात जस्त जातं. गाळाच्या धातूंत स्वतःहून आणखी भर कशाला घालायची?

## टप्पा ९: तपासण्या, आणि त्यांत फसायच्या जागा

टिकाऊपणा. हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांच्या अणूंचं प्रमाण ०.७ च्या खाली हवं. टक्केवारी अणुभाराने भागून मग प्रमाण काढायचं. नुसत्या टक्क्यांचा भागाकार दिला तर कोणताही कच्चा माल पास होतो. अंड्यांची टरफलं किंवा चुना असेल तर कार्बोनेटमधला कार्बन आधी वजा करा.

आयोडीन अंक, म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती आयोडीन शोषतो त्याचं माप. बाजारातल्या चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचा हा अंक ग्रॅममागे ९०० ते ११०० मिलिग्रॅम असतो. गाळाच्या कोळशातले सल्फाइड आयोडीनशी थेट अभिक्रिया करतात आणि अंक फुगवतात. म्हणून नमुना आधी ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात उकळण्याची पायरी गाळू नका. हा वेळ वाचवून मिळालेला सुंदर आकडा निरुपयोगी असतो.

पाण्यातून धातू काढणं. इथे फसवणूक सर्वांत जास्त होते, बहुधा नकळत. गाळाचा कोळसा अल्कधर्मी असतो. तो पाण्यात टाकला की सामू चढतो आणि शिसं, तांबं हायड्रॉक्साइड होऊन आपोआप खाली बसतात. अहवालात मात्र "९५ टक्के शोषण" असं येतं. चाचणीअंती सामू मोजा. तितक्याच सामूचं, पण कोळसा न टाकलेलं पाणी शेजारी ठेवा. दोन्हींतला फरक तेवढंच कोळशाचं श्रेय.

धातूंची झिरप. कोळसा त्याच्या २० पट वजनाच्या सौम्य ॲसिटिक आम्लाच्या द्रावात १८ तास फिरवून द्रावातले धातू मोजण्याची पद्धत प्रचलित आहे. नुसत्या पाण्यातल्या चाचणीवर भिस्त ठेवू नका, कारण अल्कधर्मी कोळशातून धातू साध्या पाण्यात सुटत नाहीत, आम्लधर्मी मातीत सुटतात. मातीसाठी एकूण धातूंचे आकडेही स्थानिक मर्यादेशी ताडून पाहा.

क्षारता. एक भाग कोळसा, दहा भाग पाणी, तासभर ढवळून विद्युतवाहकता मोजा. खरकट्याचा वाटा जास्त असलेल्या खेपेत ती हमखास चढलेली दिसते. एकदा पाण्याने धुऊन पुन्हा मोजा. पटकन उतरली तर मीठ होतं. नाही उतरली तर राखच अल्कधर्मी आहे आणि कितीही धुतलं तरी ती थोडी थोडी सुटत राहणार.

## टप्पा १०: मागे उरलेलं

डांबर आणि तेलकट द्रव बंद पिंपात साठवा. त्यात कर्करोगकारक संयुगं असतात, चूल पेटवायला ते वापरू नका. ते परत बर्नरमध्येच जाळलं जाईल अशी व्यवस्था सर्वांत सोपी. आम्लाच्या धुवणात धातू असतात. चुन्याने सामू ९ च्या आसपास न्या, बसलेला साका वेगळा काढा आणि घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे द्या. ओल्या वाटेचं पाणी थोड्या थोड्या प्रमाणात बायोगॅस टाकीत परत सोडता येतं. एकदम ओतलं तर टाकीतले जिवाणू बसतात आणि वायू थांबतो.

प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी लावा: गाळ कोणत्या केंद्राचा, मिश्रणाचं कोरड्या वजनावरचं प्रमाण, मध्यभागाचं कमाल तापमान आणि वेळ, राख, धातूंच्या अहवालाचा क्रमांक. पुढच्या खेपेचा गाळ त्याच केंद्रातून आला असला तरी ऋतू बदलला की राख बदलते. पावसाळी पाण्याबरोबर रेती येते. तेव्हा टप्पा २ पासून पुन्हा मोजा, जुना आकडा उतरवून काढू नका.